बालीत लहान मुलांच्या नाचाच्या वर्गात प्रवाशांना उभं राहू देतात म्हणे. नाच अजिबात येत नसेल तर जावं का? किती पैसे, कपडे कोणते?

नाच येत नसेल तर बिनधास्त जा. येत असेल तर जास्त त्रास होतो, हे अनुभवाने सांगते.

मी ठाण्यात भरतनाट्यम शिकले, अरंगेत्रमपर्यंत, म्हणजे पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमापर्यंत. त्यामुळे उबुदला लागून असलेल्या पेलियातानमध्ये आमच्या घरमालकीणबाई त्यांच्या भाचीला वर्गाला सोडायला निघाल्या आणि मला ‘चला’ म्हणाल्या, तेव्हा मी तयारच होते. वर्ग म्हणजे बांजारचा, म्हणजे वस्तीचा, चारी बाजूंनी उघडा मंडप. कडेला आयांच्या स्कूटर, एका स्पीकरवर गामेलानचं, म्हणजे तिथल्या धातूच्या वाद्यवृंदाचं, रेकॉर्डिंग. मुली ‘पेंदेत’ नावाचा स्वागताचा नाच शिकत होत्या, पलीकडे दोन-चार मुलगे ‘बारिस’ हा योद्ध्यांचा नाच. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या कमरेला ओढणी करकचून बांधली आणि सात-आठ वर्षांच्या पोरींच्या मागे उभं केलं.

पहिली गोष्ट आगेम, म्हणजे उभं राहायची मूळ ठेवण. भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या ठेवणीत, शरीर दोन्हीकडे सारखं तोललेलं असतं. इथे काहीच सारखं नाही. वजन एका पायावर, कंबर कलती, पाठीला बाक, कोपरं उचललेली, खांदे वर. खांदे वर! माझ्या गुरूंनी ज्याबद्दल वर्षानुवर्षं पाठीत धपाटे घातले, नेमकं तेच. माझे गुडघे सवयीने बाहेर जायचे, खांदे खाली उतरायचे. बाई समजावून वगैरे सांगत नाहीत. त्या मागून येतात, मनगटं धरतात, आपल्या गुडघ्याने तुमचा गुडघा ढकलतात आणि तुम्हाला कळसूत्री बाहुलीसारखं हलवतात. तिथे नाच असाच शिकवतात, अंगातून अंगात. शेजारची दात पडलेली चिमुरडी मधूनमधून माझं कोपर वर करून द्यायची.

मग डोळे. सेलेदेत म्हणजे बुबुळं झटक्यात कोपऱ्यात नेऊन परत आणायची, तीही तालाच्या ठोक्यावर. दृष्टिभेदाचे, म्हणजे नजरेच्या प्रकारांचे, श्लोक मला पाठ आहेत, काही उपयोग झाला नाही. आणि ताल तर उलटाच. मोठी गोंग आवर्तनाच्या शेवटी, आठव्या मात्रेवर पडते, सगळा नाच तिच्याकडे ओढला जातो. मी इमानेइतबारे ‘एक’वर जोर देत होते.

हे सगळं मंडपाच्या कट्ट्यावर बसून आमचे मोठे दीर बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, ‘यात शिकायचं काय आहे? आपल्याच भरतनाट्यमची नक्कल. हजारो वर्षांपूर्वी आपणच दिलंय त्यांना.’ तो वाद अजून फॅमिली ग्रुपवर अधूनमधून निघतो, म्हणून इथेच लिहून ठेवते. रामायण-महाभारत भारतातून गेलं, कबूल. पण केब्यार ही आज बालीभर वाजणारी गामेलानची धडाकेबाज शैली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर बालीत जन्मली. बसून नाचायचा केब्यार दुदुक इ मारियो या बालीच्या नर्तकाने १९२५ च्या सुमारास बसवला. भुंग्यांच्या जोडीचा ओलेग तामुलिलिंगान हा नाच त्यानेच १९५२ मध्ये, याच पेलियातानच्या वादक-नर्तकांच्या संचाच्या परदेश दौऱ्यासाठी रचला. हे कोणी दिलं? ज्याने एकदाही आगेममध्ये पाच मिनिटं उभं राहून पाहिलेलं नाही, त्याने ‘आपलंच आहे’ म्हणू नये. भारतीय पर्यटकांची ही खोड मला असह्य होते, मग तो पर्यटक घरचा का असेना.

आणि मुलांचा वर्गच का? पर्यटकांसाठीच्या दोन तासांच्या कार्यशाळेत मुकुट घालून फोटो मिळतो, चुका कोणी काढत नाही. मुलांच्या वर्गात तुमची कोणाला पर्वा नसते, म्हणून खरं काय ते कळतं. आमच्या जाऊबाईंनी कार्यशाळा केली, फोटो छान आलेत.

आता राहिलेलं. अंगभर टीशर्ट घाला, खाली गुंडाळायचा कामेन आणि कमरेची ओढणी तिथे कोणीही उसनी देतं. पायात काही नाही. ओळखीच्या माणसाबरोबरच जा, आधी बाईंना विचारा, मागच्या रांगेत राहा आणि परक्यांच्या मुलांचे व्हिडिओ काढू नका. वर्ग देवळाच्या आवारात असेल तर पाळीच्या दिवसांत आत जाता येत नाही. पटो न पटो, पाळा. गलुंगान या तिथल्या मोठ्या सणाच्या आसपास वर्ग बंद असण्याची शक्यता धरा. गुडघे दुखत असतील तर बाहेर बसून पाहिलेलंच बरं. आणि देवळातल्या विधींमधले पवित्र नाच वेगळे, ते हौशी पाहुण्यांनी ‘करून बघायचे’ नसतात. पेंदेतही मुळात देवळातलाच, पण त्याचं मंचावरचं रूप मुलींना सर्रास शिकवतात.

पैशांचं, ज्यांच्याबरोबर जाल त्यांनाच विचारा. मला आकडा कोणी सांगितलाच नाही. मी पाकिटात घालून बाईंच्या हातात दिले आणि घासाघीस केली नाही.