गुरुजी रिटायर होतायत, सत्कार कसा करायचा?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या गावचे. आमच्या सरकारी मराठी शाळेतले गुरुजी या 31 तारखेला रिटायर होतायत. 22 वर्षं आमच्याच शाळेत काढली त्यांनी, मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि आता माझी मुलगी चौथीत त्यांच्याकडंच आहे. शाळेचं तर केलंच पण गावाचं पण केलं, म्हणजे आमच्याकडं सरकारी कागद सगळे कन्नडमधनं येतात, म्हाताऱ्या माणसांना काही कळत नाही, तर शाळा सुटली की गुरुजी व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे आणि म्हाताऱ्यांच्या संध्या सुरक्षा पेन्शनचा अर्ज, रेशन कार्ड, जातीचा दाखला, शेताचा उतारा, जे असेल ते वाचून सांगायचे, भरून द्यायचे. कुणाकडनं एक रुपया घेतला नाही. आता पोरं म्हणतात मिरवणूक काढूया, डॉल्बी लावूया, सोन्याची अंगठी घालूया. एसडीएमसीतले, म्हणजे शाळेच्या कमिटीतले काहीजण म्हणतात शाळेलाच त्यांचं नाव देऊया. वाद चाललाय नुसता. काय करावं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ते व्हरांड्यातलं टेबल काही डोळ्यासमोरनं हलेना. वाद चाललाय तो पण प्रेमापोटीच चाललाय, त्यामुळं कुणाचं मन मोडू नका.

आधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मोठा कार्यक्रम 31 तारखेनंतर घ्या. नोकरीत असलेल्या सरकारी माणसाला जाहीर सत्कार, मानपत्र, महागडी भेट घ्यायची तर परवानगी लागते, निरोपाचा घरगुती कार्यक्रम चालतो, पण अंगठी आणि मिरवणूक म्हणजे घरगुती नव्हे. एवढी वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात कुणी बोट दाखवायला नको. आणि शाळेच्या नावाचं म्हणाल तर सरकारी शाळेचं नाव गावच्या ठरावावर बदलत नाही, खात्याची मंजुरी लागते, त्याला वेळ जाईल, ते सावकाश बघा.

आता माझं मत सांगते. गुरुजींचा खरा सत्कार त्या टेबलावर आहे. पहिल्या तारखेपासनं तिथं कोण बसणार हे ठरवलंय का तुम्ही? त्यांच्या हाताखाली शिकून कन्नड चांगलं लिहिता-वाचता येणारी पोरं-पोरी गावात असतीलच की, त्यातली चार-पाच जण आठवड्यातनं एकेक संध्याकाळ वाटून घ्या, शाळेच्या व्हरांड्यात परवानगी मिळाली तर तिथं, नाहीतर देवळात. आत्ताच, गुरुजी आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून शिकून घ्या, कुठल्या अर्जाला काय जोडायचं, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, कुठला कागद कुठं द्यायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, एका वहीत उतरवून घ्या. ती वही म्हणजेच तुमचं मानपत्र समजा. अंगठीला जमलेले पैसे एसडीएमसीच्या खात्यात रीतसर पावती करून घाला आणि वर्गासाठी मराठी गोष्टीची पुस्तकं घ्या, एक चांगला कन्नड-मराठी शब्दकोश पण घ्या. चौथीतल्या तुमच्या मुलीला तो उद्या लागणारच आहे.

आणखी एक, तुमच्या पत्रात गुरुजींच्या घरच्या बाईंचा उल्लेखच नाही. रागावू नका, पण हे सगळीकडंच होतं. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या सीमेपासनं जवळच्याच कुंभोजचे, 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र जेवायची, 1927 मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले, आणि 1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. हे सगळं आपण सांगतो. पण बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या त्यांच्या बायको लक्ष्मीबाई होत्या, त्या नसत्या तर पुढचं काही झालंच नसतं. गुरुजी रोज संध्याकाळी सातला घरी पोचत असतील तर त्यांचं जेवण झाकून कोण बसत होतं? स्टेजवर दुसरी खुर्ची बाईंची ठेवा, पहिलं लुगडं आणि ओटी त्यांची. आणि अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा भात शिजवणाऱ्या मावशींना पण वर बोलवा, 22 वर्षांत त्यांनी गुरुजींना जेवढं बघितलंय तेवढं कुठल्या साहेबांनी बघितलेलं नसणार.

भाषणं कमी ठेवा. आमच्या भागातल्या एका सत्काराला मी गेले होते, अकरा जण बोलले, सरांच्या हातात माईक आला तेव्हा अर्धा मांडव जेवायला उठलेला, सर दोन वाक्यं बोलून बसले. मला अजून वाईट वाटतं त्याचं. तुम्ही पुढाऱ्यांना एकेक मिनिट द्या, आणि ज्या आजीची पेन्शन गुरुजींच्या अर्जानं सुरू झाली तिला बोलू द्या, अडखळत बोलली तरी चालेल. खात्याचे कन्नड साहेब येणार असतील तर दोन शब्द कन्नडमधनं तुमच्या मुलीलाच बोलायला सांगा, कुणी शिकवलं ते आपोआप कळेल त्यांना.

डॉल्बी नको. लेझीम ठेवा, शाळेतल्याच पोरांचं.

प्रश्न : माझे वडील निपाणी भागात प्राथमिक शिक्षक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माजी विद्यार्थ्यांना सत्कार करायचाय पण बाबा नकोच म्हणतात, मी माझी ड्युटी केली एवढंच बोलतात. जबरदस्ती करावी का?

उत्तर : नको गं. त्यांना स्टेज नको असेल तर नका नेऊ. हेडमास्तरांना विचारून एखाद्या सकाळी त्यांच्या जुन्या शाळेत घेऊन जा, माजी विद्यार्थी मागच्या बाकांवर बसू देत, आणि बाबांना तिसरीचा एक तास घ्यायला सांगा. शाल घरून नेऊ नका, खडूचा नवा बॉक्स तेवढा न्या.