सेमिनरीला गेलो म्हणजे घरातनं गेलो असं होतंय काय?

प्रश्न : आक्का नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय २१, बेळगावात बीए झालंय. लहानपणी चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, फादरांच्या बाजूला उभा राहायचो तेव्हापासून फादर व्हायचं मनात हाय, आता बिशपांकडनं होकार आलाय आणि जूनमध्ये बंगळुरूला सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, जायचंय. दोन बहिणींच्या पाठीवर मी एकटाच मुलगा. आई रडते पण जा म्हणते, बाबा मात्र पंधरा दिवस झाले धड बोललेले नाहीत, एवढंच म्हणाले की शेत कोण बघणार, तू गेलास म्हणजे गेलासच. दहावीपर्यंत मराठी मिडियम, तिथं सगळं इंग्लिशमधी, त्याचीपण भीती वाटायलीय. आणि दोन वर्षांनी हे आपलं नव्हे असं कळलं तर काय तोंड घेऊन गावात यायचं?

उत्तर : बाळा, 'गेलास म्हणजे गेलासच' हे बाबांचं वाक्य आधी घेऊया, कारण तुझ्या शेवटच्या प्रश्नाची गाठपण तिथंच बसलीय. ते खरं नाही. बेळगावहून रात्रीच्या राणी चन्नम्मा रेल्वेत बसलास आणि सकाळी बंगळुरूला उतरलास म्हणून कोण फादर होत नाही. चर्चच्या कायद्यानं तत्त्वज्ञान कमीत कमी दोन वर्षं आणि थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, चार, म्हणजे सहा वर्षं नुसता अभ्यासच, त्यात मधी कुठंतरी पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या भागात, कामाला पाठवतात ते वेगळं. फादर व्हायला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्याच्या आधी डीकन, म्हणजे फादरच्या खालची पायरी, त्याला २३, आणि लग्न न करण्याचं वचन देतात ते डीकन होताना. तोपर्यंत तू त्यांना बघतोयस आणि ते तुला बघतायत, सेमिनरी त्यासाठीच असते की.

माझा मामेभाऊ चार वर्षांनी परत आला होता. गल्लीतल्या लोकांनी वर्षभर 'का रे आलास' विचारून त्याला नको केलं, पण आजीनं एका शब्दानं विचारलं नाही, ताट वाढलं. आज तो हायस्कूलला शिकवतो आणि ती चार वर्षं फुकट गेली असं त्याला कधीच वाटलेलं नाही. मी हे तू परत यावास म्हणून सांगत नाही. परत यायची वाट बंद आहे असं समजून जो जातो तो शंका आली तरी बोलत नाही, आतल्या आत कुढतो, म्हणून सांगते. शंका आली की तिथल्या फादरांना लगेच सांग.

आता शेत. तू डायोसिससाठी, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या भागासाठी, जातोयस की फादरांच्या एखाद्या संघासाठी हे बाबांना कुणी नीट सांगितलंय काय? बिशपांकडनं होकार म्हणतोस म्हणजे डायोसिसच असणार. जेझुइटांसारख्या संघातला फादर कुठंही जाऊ शकतो आणि तो दारिद्र्याचं व्रतपण घेतो. डायोसिसचा फादर ते व्रत घेत नाही, त्याच्या नावावर जमीन राहू शकते, आणि तो सहसा आपल्याच डायोसिसच्या पॅरिशमध्ये काम करतो. म्हणजे तू शिकून इकडंच येणार. शेतात रोज राबणार नाहीस हे मात्र खरं, ते लपवू नको, बहिणींना आणि भाऊजींना बसवून स्पष्ट बोला, खंडानं द्यायचं काय ते आत्ताच ठरवा. एक दिवस तुमच्या पॅरिशच्या फादरांना घरी जेवायला बोलव आणि बाबांना त्यांच्याशी एकट्यानं बोलू दे, तू तिथं थांबू नको.

इंग्लिशचं एवढं मनाला लावून घेऊ नको. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात उतरला तेव्हा त्याला आपली भाषा कुठं येत होती, पण १६१६ ला त्याचं जवळजवळ ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत छापून झालं, तेपण आपल्या शेजारच्या गोव्यात राचोलला. त्याच्यापुढं तुझं काम सोपं आहे. जूनपर्यंत रोज सकाळी बायबलचं एक पान इंग्लिशमध्ये मोठ्यानं वाच, तोच भाग मराठीत तुला येतोच, त्यामुळं डिक्शनरी फार लागणार नाही. आणि कन्नड सोडू नको. सीमाभागात भाषेवरनं आपली मनं किती दुखावलीयत मला माहीत आहे, मीपण त्यातनंच गेलेय, पण उद्या धारवाडकडच्या पॅरिशमध्ये एखादी म्हातारी शेवटच्या आजारात कन्नडमध्ये बोलायला लागली तर तिला तू समजायला पाहिजेस.

सेमिनरीत मोबाईल बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळीच मिळतो, हे आईला आधी सांगून ठेव नाहीतर ती पहिल्याच आठवड्यात घाबरेल. आणि जूनच्या तोंडाला पेरणी येते. तिकीट काढताना पेरणी आटोपल्यावरची तारीख जमते काय बघ, यंदाची पेरणी बाबांबरोबर कर. ते तेव्हाही बोलणार नाहीत कदाचित. तू आपलं काम करत राहा, आणि बंगळुरूला पोचलास की आईला फोन कर पण बाबांना पत्र लिही, रोप किती वर आलंय ते विचार, म्हणजे त्यांना उत्तर लिहायला काहीतरी असेल.