तुळजापूरच्या घाटात ॲम्बी खडखडते, दोष पेट्रोलचा का?

प्रश्न: वडलांची 1978 ची पेट्रोल ॲम्बेसेडर आहे माझ्याकडं. मागच्या महिन्यात सीबी पॉइंट (कॉईलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच) आणि प्लग नवे टाकले, मेस्त्रीनं गाडी स्लोवर ठेवून डेल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) फिरवत फिरवत कानानंच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावलं. सोलापुरात मस्त पळते, पण तुळजापूरच्या घाटात टॉप गिअरमध्ये रेस दिली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि गरम इंजिनवर स्टार्टर मारला की उलटा झटका देते. मेस्त्री म्हणतो इथेनॉलमुळं होतंय. खरंय का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर: आजकाल सगळंच इथेनॉलवर ढकलतात ओ. इथेनॉलनं पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे असा खडखडाट रोखायची ताकद, उलट वाढतं. हवा-पेट्रोलचं मिक्श्चर जरा पातळ होतं हे खरं, ते कार्ब्युरेटरवाल्याला नंतर दाखवा, पण तुम्ही सांगताय ती दोन्ही लक्षणं टायमिंग ॲडव्हान्स झाल्याची आहेत, म्हणजे पिस्टन वर येत असताना पाहिजे त्याच्या आधीच करंट पडतोय. कानानं लावलं की असंच होतं, कारण स्लोवर टायमिंग जितकं पुढं न्याल तितकं इंजिन जोरात फिरतं आणि मेस्त्रीला वाटतं झालं काम.

पण लगेच डेल्कोला हात लावू नका, आधी पॉइंटचा गॅप बघा. गॅप जास्त असला तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढं जातं, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, उलट केलं तर सगळी मेहनत वाया. ॲम्बीला 14 ते 16 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवा, पॉइंट पूर्ण उघडा असताना फीलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजून.

मग गाडी न्यूट्रलला, एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट धरा आणि कुणाला तरी हँडल हळूहळू फिरवायला सांगा. बोटाला हवा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन आलं, आता पुलीची खूण (चॉक घासा, दिसत नाही नाहीतर) मॅन्युअलमधल्या डिग्रीवर आणून थांबा. बारा व्होल्टचा बल्ब घ्या, एक वायर डेल्कोच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, चावी ऑन. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून आधी रोटर (डेल्कोच्या आतला फिरता भाग) फिरतो त्या दिशेला बल्ब विझेपर्यंत न्या, मग उलट अगदी हळू आणा, बल्ब पेटला की तिथंच थांबा आणि आवळा. पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला. चावी लगेच बंद करा, कॉईल तापते.

स्ट्रोब लाईट (चालू इंजिनवर पुलीची खूण दाखवणारी लुकलुकती लाईट) मिळाली तर अजून चांगलं, फक्त डेल्कोला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करून बघा.

आता परत घाटात जाऊन टॉपमध्ये दाबून बघा. तरी वाजली तर डेल्को रोटरच्या दिशेला केसभर सरकवा, जास्त नको, नाहीतर गाडी सुस्त पडेल, सायलेन्सरकडं आग होईल आणि मे महिन्यात विजापूर रोडवर बोनेट उघडून बसाल.