सेलमधून घेऊन ऑनलाइन विकताना: बिलाचं आधी बघा

मॉलमधल्या क्लिअरन्स सेलमधून तुम्ही ४० इंडक्शन शेगड्या घेतल्यात, ११ विकल्या गेल्या, आणि आता 'माल अस्सल असल्याचा पुरावा द्या' म्हणून साइटवरची लिस्टिंग, म्हणजे माल विक्रीला लावलेलं पान, बंद आहे. वर दिवाळीसाठी आणखी माल उचलू का, असंही विचारलंय. वाचून पोटात गोळा आला, कारण चार वर्षांपूर्वी मी याच जागी होतो. माझ्याकडे इलेक्ट्रिक किटल्या होत्या, ८४ नग.

तेव्हा आधी उत्तर देतो: आणखी माल अजिबात उचलू नका. कारण पुढे सांगतो. मी सीए नाही, वकीलही नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे कराचं काहीही करण्याआधी स्वतःच्या सीएला विचारा. नोंदणी, फोटो, पॅकिंग यात मी शिरत नाही, ते तुम्ही केलेलंच दिसतंय.

माझी चूक बिलिंग काउंटरवर झाली. ६५० ला किटली मिळतेय, ऑनलाइन १,०४९ ला सहज जातेय, एवढंच डोक्यात होतं. रांगेत उभा राहिलो, पैसे दिले, मिळाली ती बिलं खिशात घातली. बिल काढायच्या आधी 'माझा जीएसटी नंबर टाका' हे एक वाक्य बोललो नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, बिल एकदा निघालं की आता काही होत नाही. मुख्य कार्यालयाला तीन मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही.

त्या एका वाक्याची किंमत मांडून दाखवतो. १,०४९ च्या विक्रीत १८ टक्क्यांनी जीएसटी १६० रुपये. कमिशन आणि कुरिअर धरून साइटचे १७० (त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळतं, म्हणून तो धरलेला नाही), खोकं-टेप १५. खरेदीचे ६५० वजा केले की हातात उरतात ५४. बिलावर माझा नंबर असता आणि दुकानाने ते बिल त्यांच्या जीएसटी रिटर्नमध्ये (सरकारकडे भरायच्या विवरणपत्रात) दाखवलं असतं, तर खरेदीतल्या ९९ रुपयांचं क्रेडिट मिळून १५३ उरले असते. ५४ रुपयांत एक किटली परत आली की दोन-तीन विकलेल्यांची कमाई जाते. आणि किटल्या परत येतात, झाकण नीट बसत नाही एवढ्या कारणानेसुद्धा येतात. तरी मी 'नग जास्त विकू' म्हणत रेटत राहिलो.

मग तुमच्यासारखीच नोटीस आली. २३ विकल्या होत्या. पुरावा म्हणून बिलं काढली तर थर्मल कागदावरची शाई उडालेली, काहींवर तारीखसुद्धा वाचता येईना. जी वाचता येत होती त्यावर माझं नाव नाही, फर्मचं नाव नाही, मग ती माझ्या मालाची हे सिद्ध कसं करणार? साइटच्या विक्रेता मदत कक्षाने दीड महिना मला छळलं. मी बिल पाठवायचो, ते 'वैध इनव्हॉइस पाठवा' म्हणायचे. वैध म्हणजे नेमकं काय हवंय, असं विचारलं की पुन्हा तोच मजकूर, खाली फक्त नाव वेगळं. फोनवर एकाने सांगितलं की ब्रँडचं पत्र आणा. सेलमधून माल उचलणाऱ्याला ब्रँड कशाला पत्र देईल? सहा आठवड्यांत एकाही माणसाने माझं प्रकरण शेवटपर्यंत वाचलं नाही, याचा राग आजही जात नाही. तोवर साइटच्या भिवंडीच्या गोदामात पडलेल्या ६१ किटल्यांचं भाडं चालूच होतं. शेवटी पैसे भरून माल परत मागवला, बरीच खोकी चेपलेली आली. ओळखीपाळखीत ४५०-५०० ला विकून मोकळा झालो.

कायद्याचं म्हणाल तर रीतसर विकत घेतलेला अस्सल माल पुन्हा विकणं गुन्हा नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये तशी तरतूद आहे, आणि २०१२ मध्ये सॅमसंगच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पुनर्विक्री करणाऱ्यांची बाजू बऱ्याच अंशी मान्य केली होती. पण साइटला कलम दाखवून लिस्टिंग उघडत नाही, तिथे कागदच लागतो.

माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या: अमेरिकेतले व्हिडिओ बघून हा धंदा करू नये. तिकडे नाताळात चालणारं खेळणं दुप्पट-तिप्पट भावाने विकता येतं. आपल्याकडे पॅकबंद मालावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्या वर विकणं बेकायदा आहे. म्हणजे टंचाईतला नफा इथे नाहीच. सेलचा भाव आणि एमआरपी यांच्यामधल्या फटीत कर, कमिशन, कुरिअर आणि परतीचा माल बसवून जे उरेल ते तुमचं. एमआरपीच्या निम्म्याहून कमी भावात आणि नंबरासकट बिलावर मिळत नसेल, तर मी आता वस्तूला हात लावत नाही. खाण्याच्या वस्तू तर मुळीच नाही, त्यात अन्न परवाना आणि मुदतीच्या तारखा सांभाळायला लागतात.

बिलाचा फोटो दुकानाबाहेर पडायच्या आधी काढा, शाई किती दिवस टिकेल याचा नेम नाही. गोदामात माल ठेवायचा असेल तर तो पत्ता जीएसटी नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून आधी जोडा. दुसऱ्या राज्यातलं गोदाम असेल तर तिथली वेगळी नोंदणी लागते. विक्री शून्य असलेल्या महिन्याचंही रिटर्न भरा, नाहीतर रोज २० रुपये विलंब शुल्क चढतं.

तुमच्या बाबतीत एक आशा आहे. खरेदी याच महिन्यातली असेल, तर मासिक रिटर्न भरणारं दुकान पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील भरतं. त्याआधी बिलं घेऊन समक्ष जा, काउंटरवर वेळ न घालवता अकाउंट्सच्या माणसाला गाठा आणि तुमच्या नंबराची बिलं करून मागा. मला नाही म्हणाले, तुम्हाला म्हणतीलच असं नाही. आणि २९ शेगड्या गोदामात असतील तर आजच परत मागवा, भाडं लिस्टिंग उघडण्याची वाट बघत नाही. किती बिलं वाचता येतात आणि कितींवर तुमचा नंबर आहे ते मोजून इथे लिहा, म्हणजे साइटला काय उत्तर द्यायचं ते बघू.