भजं, भजी आणि पुसला गेलेला अनुस्वार

ऐरोलीच्या एका ताई विचारतात: "गारठा पडला म्हणून घरी कांदाभजी केली. मुलगा म्हणाला, 'आई, अजून दोन भज्या दे.' सासूबाईंनी लगेच टोकलं, 'भज्या नव्हे, भजी.' शेजारच्या वहिनी त्यालाच पकोडे म्हणतात. बरोबर कोण? आणि हा शब्द भाजीवरूनच आला ना?"

सासूबाई बरोबर. एक भजं, दोन भजी. केळं-केळी, अंडं-अंडी, नाणं-नाणी, तसंच हे. "डझनभर केळ्या द्या" असं कोणी म्हणत नाही, मग ठाण्यात तलावपाळीला गाडीसमोर उभं राहून "एक प्लेट भज्या" का मागायच्या? दर रविवारी हे कानावर पडतं आणि दर रविवारी जिवाला लागतं. वर युक्तिवाद असा की "भज्यांचं पीठ चालतं, तर भज्या का नाही?" अहो, ते सामान्यरूप आहे. केळ्यांचे वेफर, अंड्यांचा रस्सा. प्रत्यय लागला की या येतो, प्रत्यय गेला की तोही जातो.

ही चूक आली कुठून, यावर माझं एक ठाम मत आहे. जुन्या लेखनात भजें लिहीत आणि अनेकवचन भजीं. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात केळें असंच छापलेलं दिसेल. "आईनें भाजी केली" आणि "आईनें भजीं केलीं" ही दोन वाक्यं डोळ्यांना वेगळी दिसत. पहिल्यात एक स्त्रीलिंगी भाजी, दुसऱ्यात नपुंसकलिंगी पुष्कळ भजीं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि उरलं काय? भाजी केली, भजी केली. चांगली भाजी, चांगली भजी. ती भाजी, ती भजी. सगळं एकसारखं! मुलांनी साहजिकच भजीला भाजीच्या रांगेत बसवलं, आणि भाजीचं भाज्या तसं भजीचं भज्या झालं. आता तर "भजी मस्त झाली आहे" असंही ऐकतो. झाली आहेत, आहेत! फरक तेवढ्या एका त-वर टिकून आहे.

"अनुस्वार उच्चारातच नव्हता, तर तो काढल्याने काय बिघडलं?" असं नियमांची बाजू घेणारे विचारतात. मला हे पटत नाही. कोकणीत तो नाकातला उच्चार आजही ऐकू येतो, म्हणजे तो अनुस्वार कोणा पंडिताच्या हौसेखातर दिलेला नव्हता. आणि वाचणाऱ्या मुलाला तो शब्दाचं लिंग दाखवत होता. सोपं करायला गेलो आणि खूणच पुसली.

आता व्युत्पत्ती, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. भजं भाजीपासून आलं, कारण त्यात भाजी असते, हे सर्रास सांगितलं जातं. मग मूगभज्यांत कोणती भाजी असते? भाजी ही भज्याची आई नव्हे, बहीण. दोघींचं मूळ संस्कृत भ्रस्ज् धातूत, भृज्जति या रूपात. प्राकृतात त्याचं भज्ज झालं आणि मराठीत त्याचं केवढं मोठं कुटुंब झालं बघा: भाजणे, भाजणी, भाजी, भजं. धान्य भाजायचं भांडं ते भ्राष्ट्र. त्याचीच भट्टी झाली, आणि भडभुंज्यातला, म्हणजे धान्य भाजून देणाऱ्याच्या नावातला, भडही तोच. आमच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात थालीपिठाच्या भाजणीचा डबा आणि बेसनाचा डबा एकाच फळीवर आहेत. हे कळल्यापासून त्या फळीकडे मी वेगळ्याच मायेने बघतो.

काही संस्कृतज्ञ अडवतात, "भर्जन म्हणजे कोरडं भाजणं, तेलात तळणं नव्हे." त्यांनी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी, उघडावा. तिथे अर्थ दिलाय 'पाके', म्हणजे शिजवणे, बस्स. पच् धातूलाही तोच अर्थ आहे. तेल की कढई की निखारा, यात पाणिनीच्या परंपरेने लक्ष घातलेलं नाही, तर आपण का घालावं?

त्याच पच्-पासून पक्व, आणि पक्व अधिक वट म्हणजे पकोडा. वट म्हणजे गोळा, ज्याचा आपला वडा झाला. म्हणजे पकोड्याच्या पोटात वडा बसलेला आहे. गोल भज्यांना वहिनींनी पकोडे म्हटलं तर माझी हरकत नाही. खेकडा भज्यांना मात्र म्हणू नये. कांदा उभा, पातळ चिरायचा, मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. त्याला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, थोडी तांदळाची पिठी, ओवा, तिखट, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. वरून पाण्याचा थेंब नाही. मग बोटांनी मोकळं मोकळं तेलात सोडायचं. कांद्याच्या काड्या खेकड्याच्या पायांसारख्या बाहेर येऊन तांबूस, कुरकुरीत होतात. यात गोळा कुठे आहे? गोळा झाला तर ती खेकडा भजी बिघडली.

तर ताई, मुलाला पुढच्या वेळी "अजून दोन भजी दे" म्हणायला लावा. आणि ताटलीत शेवटी एकच उरलं, तर ते भजं.