वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या खर्चाने स्टेज रॅलीत उतरताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मोटार रॅलीविषयी आहेत आणि त्यातली बहुतेक अशा वाचकांची आहेत ज्यांच्यामागे कंपनीचा संघ नाही, प्रायोजक नाही. गाडी स्वतःची आणि पैसाही स्वतःचा. त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे छोटे गॅरेज आहे आणि २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. ती तयार करून राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतील एखाद्या फेरीत भाग घ्यावा, अशी इच्छा आहे. मित्र म्हणतात, आधी इंजिनाचे काम करून घे, बाकीचे नंतर बघता येईल. पैसा मर्यादित आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गाडीची निवड चांगली आहे. स्वतःच्या खर्चाने उतरणाऱ्या अनेक भारतीय चालकांनी याच गाडीवर रॅलीची सुरुवात केलेली आहे आणि तिची नस ओळखणारे मेकॅनिकही सापडतात. मित्रांचा सल्ला मात्र पूर्णपणे उलटा आहे. स्टेज रॅलीत गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या एकेका टप्प्यावर, म्हणजे स्टेजवर, साधारण एकेका मिनिटाच्या अंतराने एकेक गाडी सोडली जाते आणि सर्व स्टेजच्या वेळा व दंड यांच्या बेरजेवर निकाल लागतो. ही बेरीज नीट समजून घेतली, तर पैसा कोठे घालायचा ते आपोआप कळते.

समजा, पुढच्या टाइम कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या चौकीवर, तुमची नेमून दिलेली वेळ ११ वाजून ३२ मिनिटे आहे. ३२ व्या मिनिटाच्या साठ सेकंदांत केव्हाही वेळा नोंदवण्याचे कार्ड तेथे दिले, तर दंड नाही. घड्याळात ३३ लागल्यावर दिले तर १० सेकंदांचा दंड होतो आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला आणखी १० सेकंद वाढत जातात. घाई करून ३१ व्या मिनिटाला दिले, तर मात्र थेट एक मिनिटाचा दंड. आता दुसरी बाजू पाहा. दहा किलोमीटरच्या स्टेजवर १० सेकंद वाचवायचे, म्हणजे दर किलोमीटरला एक सेकंद कमवायचा. नवख्या चालकाला तो कमावून देणाऱ्या इंजिनाच्या कामाचा खर्च लाखांच्या घरात जातो, आणि सर्व्हिसमधून, म्हणजे दुरुस्तीच्या ठरलेल्या थांब्यातून, चार मिनिटे उशिरा निघालेली गाडी ४० सेकंद फुकट घालवते. म्हणून पहिल्या हंगामात इंजिन मूळ स्थितीतच, पण निरोगी ठेवावे : कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, रेडिएटर आणि होसपाइप नवे घालावेत आणि धूळ अडवणाऱ्या एअर फिल्टरकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिला खर्च सुरक्षेवर, आणि त्यात काटकसर नको. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, स्वतःच्या गॅरेजमध्ये वेल्ड करण्याचा मोह तुम्हाला होईल. पण त्यासाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस पोलादी नळी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची असावी लागते. बाजारात सहज मिळणारा शिवणीचा पाइप वापरलेला दिसला, तर तांत्रिक तपासणीतच गाडी परत जाते, आणि ते योग्यच आहे. जुने सीटबेल्ट विकत घेताना पट्ट्यावरचे लेबल वाचावे. वैधतेचे वर्ष त्यावर छापलेले असते आणि ते उलटून गेलेला पट्टा कितीही नवा दिसला तरी चालत नाही. हेल्मेटच्या बाबतीतही हेच : दुचाकीचे हेल्मेट येथे उपयोगाचे नाही, कारण मान सांभाळणारे हान्स उपकरण त्याला जोडता येत नाही.

त्यानंतर सस्पेन्शन, इंजिनाखालचा संप गार्ड आणि टायर, या क्रमाने. आपल्याकडच्या स्टेज बहुतेक मुरमाच्या आणि मातीच्या असतात. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतल्या रस्त्यांवर पुढच्या गाड्यांनी वरची माती उडवली, की खालचे दगड उघडे पडतात, आणि नवख्या चालकाची गाडी मागच्या क्रमांकावर सुटत असल्यामुळे ते नेमके तिच्या वाट्याला येतात. टाय रॉड, लोअर आर्म, ड्राइव्ह शाफ्ट, शॉक अब्सॉर्बर आणि क्लच प्लेट यांचे सुटे संच बरोबर हवेत. सर्व्हिस पार्कबाहेर मात्र कोणीही गाडीला हात लावू शकत नाही. तेथे तुम्ही आणि शेजारी बसून रस्ता सांगणारा तुमचा नेव्हिगेटर यांनीच, गाडीत असलेल्या सामानानिशी, काय ती दुरुस्ती करायची. स्वतःचे गॅरेज असल्याचा खरा फायदा तुम्हाला येथे होईल. चाक उतरवून टाय रॉड बदलायला तुम्हाला किती मिनिटे लागतात, हे घरीच घड्याळ लावून पाहावे, आणि नेव्हिगेटरलाही त्यात सामील करून घ्यावे.

शेवटी एक हिशेब मांडून पाहाच. शून्यापासून गाडी बांधण्यापेक्षा दुसऱ्या चालकाने वापरलेली तयार रॅलीची गाडी पुष्कळदा स्वस्त पडते, आणि दक्षिणेतले काही संघ एका फेरीपुरती गाडी भाड्यानेही देतात. भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, स्पर्धा परवाना तुम्हाला आणि नेव्हिगेटरला, दोघांनाही लागेल. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रवेशिका भरण्यापूर्वी त्या फेरीची पूरक नियमावली पूर्ण वाचावी. पहिल्या रॅलीत शेवटच्या कंट्रोलपर्यंत पोहोचणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. माझ्या मते पहिल्या तीन रॅलींतही तेवढेच ठेवावे.

प्रश्न : माझा मोठा भाऊ रॅलीत उतरणार आहे आणि नेव्हिगेटर म्हणून मी बसावे असा त्याचा आग्रह आहे. घाटात मोबाइल पाहिला तरी मला मळमळते. शिवाय नेव्हिगेटर म्हणजे शेजारी बसून रस्ता सांगणारा, यात शिकण्यासारखे काय आहे, असे घरचे विचारतात.
— एक वाचक, सातारा

उत्तर : घरच्यांना पेसनोट्सची, म्हणजे रस्त्याच्या वळणांच्या सांकेतिक टिपणांची, एक ओळ वाचून दाखवा : "फिफ्टी, राइट फोर लाँग, टायटन्स थ्री, डोन्ट कट, इन्टू लेफ्ट टू." याचा अर्थ असा की पन्नास मीटर सरळ, मग उजवीकडे चार नंबरचे लांब वळण, ते पुढे आवळत जाऊन तीन नंबरचे होते, आतल्या कडेला दगड किंवा खड्डा असल्यामुळे वळण कापायचे नाही, आणि ते संपते न संपते तोच डावीकडे दोन नंबरचे अवघड वळण. बहुतेक चालक सहा म्हणजे वेगवान आणि एक म्हणजे अगदी संथ असे आकडे वापरतात. काही जण उलटेही वापरतात, म्हणून भावाशी हे आधी पक्के ठरवा. या नोट्स स्पर्धेपूर्वीच्या रेकीत, म्हणजे रस्त्याच्या पाहणीत, मर्यादित वेगाने जाताना, भावाने बोलायच्या आणि तुम्ही लिहायच्या असतात. रस्त्यावरून साधारणपणे दोनच फेऱ्या मिळतात : पहिलीत लिहायचे, दुसरीत पडताळायचे.

अवघड भाग वाचण्यात नाही, वेळ साधण्यात आहे. लवकर सांगितले तर चालक विसरतो आणि उशिरा सांगितले तर ऐकण्यापूर्वीच वळण येते. प्रत्येक चालकाला किती आधी ऐकायला आवडते, हे सोबत बसूनच कळते. त्याखेरीज टाइम कार्ड, घड्याळ, पेट्रोलचा हिशेब आणि पंक्चर झाल्यावर जॅक लावणे हेही तुमच्याकडेच. अपघात झाला तर लाल त्रिकोण गाडीच्या किमान पन्नास मीटर मागे ठेवणे आणि कोणी जखमी नसेल तर मागून येणाऱ्या गाड्यांना "ओके"चा फलक दाखवणे, हेदेखील बहुधा नेव्हिगेटरच करतो. वैद्यकीय मदत हवी असेल तर "एसओएस"चा फलक दाखवायचा असतो. चुकीचा फलक दाखवला गेला, तर त्याचे परिणाम किती गंभीर होतील हे वेगळे सांगायला नको.

मळमळ ही बऱ्याच नवख्या नेव्हिगेटरांची तक्रार असते आणि सरावाने ती पुष्कळ कमी होते. वही मांडीवर न ठेवता छातीजवळ उंच धरावी, एक ओळ वाचून नजर लगेच रस्त्यावर आणावी, आणि आदल्या रात्री व सकाळी हलके खावे. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि आधी एखाद्या साध्या प्रवासात घेऊन पाहावी, कारण अशा अनेक गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळू नेव्हिगेटर धोक्याचा. पहिला सराव भावाबरोबर टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत करावा. तेथे वेगाची चढाओढ नसते, ठरवून दिलेली सरासरी सांभाळायची असते, त्यामुळे घड्याळ आणि वही यांची सवय निवांत होते.

घरच्यांसाठी आणखी दोन गोष्टी. कासरगोडच्या मूसा शरीफ यांनी नव्वदच्या दशकापासून याच खुर्चीत बसून कारकीर्द घडवली आणि रॅलीचालक गौरव गिल यांच्याबरोबर पुष्कळ रॅली केल्या. आणि १९८१ साली इटलीतली सानरेमो रॅली मिशेल मूतों यांनी जिंकली, तेव्हा शेजारी फाब्रिझिया पोन्स होत्या. जागतिक मालिकेतील रॅली जिंकणारी दोन स्त्रियांची ती पहिली जोडी.

प्रश्न : रॅलीत नुकसान झाले तर गाडीच्या नेहमीच्या विम्यातून भरपाई मिळते का? आणि रात्री ताम्हिणी घाटात सराव केला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. पॉलिसीतील "वापराच्या मर्यादा" हा परिच्छेद वाचावा. स्टेजवर वाकलेला पत्रा स्वतःच्या खिशातूनच सरळ करावा लागतो, आणि प्रवेशशुल्क व टायर यांच्याबरोबर ही रक्कमही आधीच बाजूला काढलेली बरी. दोन स्टेजमधला रस्ता मात्र सर्वांना खुला असतो. तेथे नोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे लागतात व वाहतुकीचे नियम मोडल्यास संयोजकही दंड करतात.

घाटातल्या सरावाबद्दल मला सौम्य शब्दांत लिहिता येत नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुमच्या सरावाची कल्पना नसते. सराव खाजगी जागेत, मालकाच्या परवानगीने करावा. मैदानात आखलेल्या मार्गावर वेळ मोजून होणाऱ्या अधिकृत ऑटोक्रॉस स्पर्धाही त्यासाठी उत्तम.

प्रश्न : आमच्या वस्तीवरून रॅली जाणार आहे असे कळते. मुलांना पाहायला न्यावे का? आणि गुरे केव्हा सोडावीत?
— एक शेतकरी, नाशिक जिल्हा

उत्तर : न्यावे, पण उभे कोठे राहायचे ते आधी ठरवून. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नये, कारण गाडी सुटली तर ती तिकडेच जाते. बांध किंवा उंचवटा असेल तर त्यावर, रस्त्यापासून पुरेसे मागे आणि संयोजकांचे मार्शल दाखवतील तेथेच थांबावे. स्पर्धकांच्या आधी "००" आणि "०" क्रमांकाच्या गाड्या रस्ता बंद असल्याची खात्री करत जातात; त्या दिसण्याच्या बऱ्याच आधी जनावरे बांधलेली आणि मुले जागेवर असावीत.

गावोगावी होणारी चूक शेवटी होते. नावाजलेल्या पाच-सात गाड्या गेल्या, मग थोडा वेळ काही आले नाही, की रॅली संपली असे समजून लोक दुचाकी काढतात. स्वतःच्या खर्चाने आलेले चालक पुष्कळदा शेवटीच असतात, आणि एखाद्याची सुरुवात लांबली तर मधले अंतर आणखी वाढते. सर्वांत मागून स्वीपर गाडी येते. ती गेल्यावर मार्शलने रस्ता मोकळा झाल्याचे सांगितले, की मगच गुरे सोडावीत.