नकाशातला लाल ऑस्ट्रेलिया आणि आईंची मिश्री

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पत्नीला ब्रिस्बेनमध्ये नर्सची नोकरी मिळाली आहे, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा, पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन निघायचं जवळपास ठरलंय. तेवढ्यात आईंनी मोबाइलवर जगाचा नकाशा पाहिला. कॅन्सरच्या प्रमाणात ऑस्ट्रेलिया गडद लाल, भारत फिकट. "पोरांना घेऊन त्या कॅन्सरच्या देशात कशाला जाता?" असं म्हणून त्यांनी जेवण सोडलं. तुमचा प्रश्न असा, की तिथल्या पाण्यात, हवेत, खाण्यात नक्की काय आहे?

मी २००६ पासून मेलबर्नला आहे. डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घ्यायचे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे तो लाल रंग कुठून येतो हे थोडंफार रोज हाताखालून जातं.

आकडा खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजात ऑस्ट्रेलियात दर लाख माणसांमागे वर्षाला साधारण ४६० नवे कॅन्सर निघतात, भारतात १०० च्या आसपास. "तिथे म्हातारी माणसं जास्त, म्हणून कॅन्सर जास्त" असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ते या आकड्यांना लागू पडत नाही, कारण दोन देशांतल्या वयाचा फरक यातून आधीच वजा केलेला असतो. तो वजा करूनही साडेचार पट उरतात. मग ते कुठून आले?

पहिला वाटा कातडीचा. आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या ज्या डब्या येतात त्यातल्या कितीतरी कातडीच्या असतात. पाठीवरचा तीळ, नाकावरचा खपली धरणारा फोड, टक्कल पडलेल्या डोक्यावरचा खरखरीत ठिपका. इथे सत्तरी गाठेपर्यंत तिघांपैकी दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर निघतो. इंग्लंड-आयर्लंडच्या ढगाळ हवेत घडलेली कातडी क्वीन्सलँडच्या, म्हणजे ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे तिथल्या, उन्हात येऊन राहिली, त्याचा हा परिणाम. यातले बहुतेक कॅन्सर फॅमिली डॉक्टर तेवढ्या जागेला भूल देऊन अर्ध्या तासात कापून काढतो आणि माणूस त्याच दिवशी कामावर जातो. पण त्या ४६० मध्ये असले बरेचसे मोजलेले आहेत. ते बाजूला काढले की आकडा चांगलाच खाली उतरतो. तुमच्या सावळ्या मुलांना हा धोका पुष्कळच कमी आहे. शून्य मात्र नाही, आणि आपल्यात मेलानोमा, म्हणजे कातडीचा सगळ्यात घातक कॅन्सर, झालाच तर तो तळपायावर किंवा नखाखाली निघण्याचा संभव जास्त, जिथे कोणी बघत नाही.

दुसरा वाटा शोधण्याचा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या यजमानांना पन्नासावं लागलं आणि सरकारकडून पोस्टाने एक पाकीट आलं. आत दोन छोट्या नळ्या, कमोडमध्ये पाण्यावर अंथरायचा पातळ कागद, पिशवी आणि परतीचा लिफाफा. दोन वेगळ्या दिवशी शौचाचा नमुना काडीने घ्यायचा, नळीत घालायचा, आणि पोस्टात टाकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा. हो, फ्रिजमध्ये! सासूबाई तेव्हा इकडेच होत्या. ताकाच्या भांड्याच्या वरच्या कप्प्यात ते पाकीट बघून त्यांनी दोन दिवस फ्रिजला हात लावला नाही. नमुन्यात रक्ताचा अंश निघाला, कोलोनोस्कोपी झाली, आतड्यात दोन गाठी सापडल्या, त्याच वेळी काढल्या. अजून कॅन्सर झालेला नव्हता. २००६ पासून ही योजना चालू आहे. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी घरबसल्या हे पाकीट येतं, आणि आता पंचेचाळीसपासून मागवताही येतं. बायकांना मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं, बोलावणं येतं तेही असंच.

आता याच्या समोर माझी आत्या ठेवा. बीड जिल्ह्यातल्या खेड्यात राहायची. शेवटच्या वर्षी अन्न गिळता येईना, मग पाणीही. तालुक्याच्या डॉक्टरने सलाइन लावलं, "वय झालं" म्हणाला. चार महिन्यांत गेली. बायोप्सी नाही, निदान नाही. नकाशावर माझी आत्या नाही. अशी एकेक माणसं वगळली गेली की देश फिकट दिसू लागतो. इथे उलट, कॅन्सरचं निदान झालं की लॅबने ते राज्याच्या कॅन्सर नोंदणीला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्याकडे कोणी मोजतच नाही असंही नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३-६४ पासूनची आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यापर्यंत येतच नाहीत हे ओळखून तिथले कर्मचारी बार्शी, परांडा, भूमच्या गावागावांत फिरले, पारावर बसून लोकांशी बोलले, संशय वाटला त्यांना तपासणीसाठी तयार केलं. एवढं शोधूनही बार्शीचा दर कमीच निघाला. म्हणजे निव्वळ मोजणीची चूक म्हणून विषय मिटवता येत नाही. खरंच काही कॅन्सर तिथे कमी आहेत.

शोधण्याचा अतिरेकही होतो, तेही सांगून टाकते. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तपासण्यांची लाट आली, त्यात लोक हौसेने मानेची सोनोग्राफी करून घेऊ लागले. १९९३ च्या मानाने २०११ मध्ये थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीच्या कॅन्सरचं प्रमाण १५ पट झालं होतं. मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्या गाठी घेऊन माणूस सुखाने म्हातारा झाला असता त्या शोधून काढल्या, आणि ग्रंथी काढून टाकल्यामुळे हजारो लोक जन्मभर गोळी घेत बसले. श्रीमंत देशांच्या लाल रंगात असलाही माल थोडा आहे, पुरुषांच्या प्रोस्टेटच्या बाबतीत तर विशेष.

तिसरा वाटा जगण्याचा, आणि आईंची भीती इथे काही अंशी रास्त आहे. स्तनाचा कॅन्सर मुलं कमी होणं, पहिलं मूल उशिरा होणं, अंगावर पाजणं कमी होणं, पाळी लवकर येणं, उतारवयातलं वजन, दारू या सगळ्यांनी वाढतो. आतड्याचा वाढतो बैठं काम, लाल आणि डबाबंद मांस, दारू, पोट सुटणं यांनी. हवापाण्याशी याचा फारसा संबंध नाही. जपानी माणसं हवाईला आणि कॅलिफोर्नियाला गेली तेव्हा तज्ज्ञांनी हे नीट पाहिलं. मायदेशी पोटाचा कॅन्सर भरपूर आणि आतड्याचा कमी होता, तिकडे गेल्यावर एका-दोन पिढ्यांत उलटं झालं. माणसं तीच होती, ताट बदललं होतं.

पण एक गोष्ट बघा. मुंबईत स्तनाच्या कॅन्सरचा दर बार्शीच्या दुपटीहून जास्त आहे. पुण्याची गतही मुंबईसारखीच. तुमच्या आजीला सात-आठ मुलं झाली असतील, तुमच्या पत्नीला दोन, तीही शिक्षण-नोकरी झाल्यावर. दिवसभर खुर्ची, रात्री बाहेरचं मागवलेलं जेवण. कॅन्सरच्या हिशोबाने तुमचं निम्मं स्थलांतर आधीच झालेलं आहे, तेही बिनव्हिसाचं. ब्रिस्बेनला येऊन जे काही वाढायचं ते उरलेल्या निम्म्यात, आणि त्यातलं बरंच तुमच्या हातात: शनिवारचा बार्बेक्यू आणि बिअर रोजची करायची की नाही, एवढाच प्रश्न.

आणि फिकट रंगाचे स्वतःचे कॅन्सर असतात. गरिबीचे म्हणा हवं तर. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, यकृताचा बऱ्याचदा कावीळ बीमुळे. तपासणी आणि लस असेल तर हे बरेचसे टाळता येतात. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २००९ मध्ये आले: आयुष्यात एकदाच त्या विषाणूची तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगाला हे आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून शाळेत मुलींना याच विषाणूची लस द्यायला सुरुवात केली, २०१३ पासून मुलांनाही. २०३५ पर्यंत हा कॅन्सर इथून जवळजवळ नाहीसा करायचं त्यांनी ठरवलंय. तुमच्या मुलीला क्वीन्सलँडमध्ये सातवीत ती शाळेतच मिळेल.

म्हणून आईंना नकाशा दाखवायचाच तर दुसरा दाखवा, मृत्यूंचा. तिथे दोन देश बरेच जवळ येतात. २०२२ मध्ये भारतात अंदाजे १४ लाख नवे कॅन्सर आणि ९ लाख मृत्यू. ऑस्ट्रेलियात नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यू पाव भागाच्या आसपास. यात साध्या त्वचेच्या कॅन्सरांमुळे ऑस्ट्रेलियाचं चित्र जरा जास्तच गोजिरं दिसतं, म्हणून फक्त स्तनाचं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने अतिविकसित देशांत आयुष्यभरात दर १२ बायकांपैकी एकीला हा कॅन्सर निघतो आणि ७१ पैकी एक त्याने जाते. सगळ्यात मागास देशांत २७ पैकी एकीला निघतो, आणि ४८ पैकी एक जाते. आपण या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

आता तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलेलं एक वाक्य. आई सहा महिने येऊन राहतील, "फक्त त्यांच्या मिश्रीची सोय होईल का" असं विचारलंत. मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत पुढे आहे, आणि तंबाखू भाजून दात घासणाऱ्या आपल्या बायकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. इथे खायच्या तंबाखूची विक्री १९९१ पासून बंद आहे, तेव्हा सोय होणार नाही. ब्रिटनमध्ये आपल्या उपखंडातल्या लोकांत बाकीचे बहुतेक कॅन्सर तिथल्या गोऱ्यांपेक्षा कमी आहेत, तोंडाचा मात्र जास्त. तो त्यांनी सामानातून नेला.

तर निघण्याआधी आईंना पुण्यातच दातांच्या डॉक्टरकडे न्या. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का, हे दहा मिनिटांचं बघणं आहे. पाहुणी म्हणून आलेल्या आईंना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी उपचार योजना, मिळत नाही आणि पाहुण्यांना ती देण्याचा भारताशी करारही नाही, त्यामुळे इथे येऊन काही निघालं तर खर्चाने कंबर मोडेल. तुम्ही दोघं कावीळ बीची रक्ततपासणी करून घ्या, निघाली तर इथल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा. तुमचा व्हिसा कुठला ते लिहिलं नाहीत. पर्मनंट असेल तर मेडिकेअर लगेच काढा. नोकरीचा तात्पुरता असेल तर खासगी विमा लागेल, त्यातली जुन्या आजारांसाठी बारा महिने थांबायची अट नीट वाचा.

मुलांच्या लसींचे कागद मूळ प्रती घेऊन या. उन्हाच्या टोप्या मात्र तिकडून विकत आणू नका. शाळेत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर खेळू देत नाहीत, आणि टोपी शाळेच्याच रंगाची लागते, ती गणवेशाच्या दुकानात मिळते.